भाऊजींनी शिकवलेला डबा

आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, भाऊजींबद्दल वाईट बोलणारा माणूस तुम्हाला सापडायचा नाही. मी सोडून. आणि मीसुद्धा आजवर तोंड उघडलेलं नाही, म्हणून तर आता एकदाचं सगळं सांगून टाकते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोटरसायकलचे मेकॅनिक, त्यातही ट्यूनिंगवाले. इंजिनाला पेट्रोल किती आणि हवा किती, ते ठरवून देणारे. त्यांचं गॅरेज आणि माझं गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान यांच्यामध्ये एक पत्र्याची भिंत. पलीकडे पाना पडला की माझ्या मशीनची सुई थरथरते. एकवीस वर्षं मी त्या भिंतीला पाठ लावून बसले आहे. माझ्या मुलाचा उजवा गुडघा आता वाकत नाही, आणि तो का वाकत नाही हे सांगायचं तर आधी भाऊजी काय चीज आहे ते सांगायला हवं.

भाऊजींच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'थांबा'. गिऱ्हाइकाने गाडी स्टँडवर लावली नाही तोच, "थांबा, आधी थंड होऊ द्या." कुणी म्हणालं मास्तर, कसलातरी आवाज येतोय, की, "थांबा, बोलू नका, ऐकू द्या." शेजाऱ्यांच्या लग्नात फोटोवाल्याला थांबवून उजेड कुठून येतोय ते बघत बसले होते म्हणे, ताई अजून सांगते. गल्लीने मग त्यांचं नावच पाडलं, थांबामास्तर. त्यांना ते आवडायचं. चिडवलं तरी गालातल्या गालात हसायचे.

हाताला गुण होता, हे नाकारलं तर माझी जीभ झडेल. स्पार्क प्लग काढायचे, दारात उजेडाला धरायचे, टोकाचा रंग बघायचे आणि गिऱ्हाइकालाच विचारायचे, "चौथ्या गियरला उबळ देते ना?" देतच असायची. मग गाड्यांमधून कार्ब्युरेटर गेले आणि पेट्रोल मोजायला कॉम्प्युटर आला. गल्लीतल्या निम्म्या मेकॅनिकांनी हात टेकले, कुणी टायरचं दुकान काढलं, कुणी भाजी विकायला बसलं. भाऊजी चोपन्नाव्या वर्षी लॅपटॉप शिकले. बोटांना ग्रीस असायचं म्हणून कीबोर्डवर प्लास्टिकची पिशवी चढवलेली, आणि एका बोटाने टकटक. मी पत्र्यापलीकडून ओरडायचे, "भाऊजी, कोंबडी दाणे टिपतेय का हो?" ते म्हणायचे, "थांब गं धाकटे, एक दाणा राहिलाय." चिडायचे नाहीत. दोन वह्या भरून सगळं उतरवून घेतलं आणि शिकले.

आणि माझ्यावर त्यांचे उपकार आहेत. मुलगा सहा वर्षांचा असताना माझा नवरा दुसरीकडे संसार मांडून मोकळा झाला. तेव्हा भाऊजींनीच गॅरेजचा अर्धा भाग पत्रा ठोकून मला दिला. मुलाला सायकल त्यांनी शिकवली, शाळेत पालक म्हणून तेच जायचे. त्यांना स्वतःचं मूल नाही. मुलगा त्यांना काका म्हणतो, पण बाप कशाला म्हणतात ते तो त्यांच्याकडे बघूनच शिकला. अशा माणसाबद्दल मी कडू बोलते आहे. बोलणारच.

मुलगा पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात होता. दिवसभर खोकी घडी करायची, आणि जीव सगळा त्या गाडीत. जुनी गाडी घेऊन दोन वर्षं तिच्यावर खपला. सिलिंडर रुंद करून मोठा पिस्टन बसवला, मोकळा सायलेन्सर, उघडा फिल्टर. सीट मी शिवलं, पुढे सपाट आणि मागे टेकायला उंचवटा, म्हणजे जोरात रेस दिली की पाठ घसरून तिथे अडते. दगडखाणीच्या रस्त्यावर दर वर्षी चढणीची शर्यत होते. त्या वर्षी पहिल्या तिघांना एक टायर कंपनी आपल्या संघात घेणार होती. घेतलं असतं तर खोकी कायमची सुटली असती.

एक अडचण होती. इंजिन मोठं झालं, पण गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल जुन्याच मापाने वाढत होता. खाणारा मोठा झाला आणि ताटात लहानपणाएवढंच. पेट्रोल कमी पडलं की इंजिन आतून तापतं, आणि पूर्ण जोरात असताना तापलं तर पिस्टन जागच्या जागी धरतो. तेव्हा पेट्रोलचं माप नव्याने बसवायला हवं होतं. कशाने बसवायचं, एवढाच प्रश्न.

त्या रविवारी सकाळी तिघं गॅरेजात होतो. मी दारात दोऱ्याचं रीळ भरत होते.

"काका, रोलरवाल्याकडे नेऊ या का?" मुलगा म्हणाला. "तो गाडीच्याच कॉम्प्युटरमध्ये नवा तक्ता लिहून देतो. मागचं चाक रोलरवर फिरवून एकेक खाना मोजतो."

"थांब," भाऊजी म्हणाले आणि माझ्याकडे वळले. मुलाला सांगायचं असलं की ते मला सांगायचे. "हे बघ धाकटे, तक्ता म्हणजे काय, तर आडव्या ओळीत इंजिन किती फिरतंय ते आणि उभ्या ओळीत रेस किती दिलीय ती. प्रत्येक खान्यात एक आकडा, त्या वेळी पेट्रोल किती द्यायचं त्याचा. समजलं?"

"शिवणकामाच्या मापाचा कागद," मी म्हटलं.

"अगदी बरोबर. आता तो भरायचा कसा? एक स्वस्तातला डबा मिळतो, तो कॉम्प्युटरला नुसती थाप मारतो, की हवा थंड आहे, पेट्रोल जास्त दे. ते शर्यतीचं काम नाही. दुसरा रोलर. आणि तिसरा हा." त्यांनी कपाटातून एक काळा डबा काढला, वायरी लोंबणारा. आणून ठेवलेला होता! म्हणजे ठरलेलंच होतं. "हा आपला आपण शिकतो. सायलेन्सरमध्ये सेन्सर बसवायचा, तो धूर हुंगतो. आपण गाडी चालवत राहायची, हा खाने भरत जातो. पण जिथे नेशील तेवढंच शिकतो. अर्धीच रेस दिलीस तर अर्ध्यापुरतंच. वरच्या खान्यांत विकणाऱ्याने घातलेले आकडे तसेच राहतात, आणि ते लहान पिस्टनचे."

"मग रोलर सोपा नाही का? दोन दिवसांचं काम," मुलगा म्हणाला.

"त्याचा रोलर बंद खोलीत फिरतो. तिथे चढण आहे? वारा आहे?" भाऊजींचा आवाज चढला. "आणि कार्ब्युरेटरचा जेट कसा साफ करायचा ते त्याला कुणी शिकवलं?"

आलं बाहेर. रोलरवाला हा भाऊजींचाच शागीर्द. सात वर्षं त्यांच्याकडे शिकला आणि मग मोठ्या रस्त्यावर स्वतःचं थाटलं. पोरगा गुणी, अजूनही भाऊजी दिसले की खुर्चीवरून उठतो. पण भाऊजींच्या मनातली अढी काही गेली नाही. स्वतःच्या घरची गाडी त्याच्या दारात न्यायची म्हणजे त्यांना जिवंतपणी मेल्यासारखं झालं असतं. म्हणून हा डबा. चढण आणि वारा सगळं लोकांना सांगायला.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी रीळ भरत राहिले.

"काका म्हणतील ते," तो म्हणाला.

आणि डब्याला शिकवणार कोण? मुलाची पाळी सकाळपासून संध्याकाळपर्यंत. "ते माझ्याकडे लागलं," भाऊजी म्हणाले. "दहा दिवस रोज चारला मी घेऊन जाईन खाणीच्या रस्त्याला."

मी चमकले. भाऊजी आणि गाडी पळवणं? ट्यूनिंग केलेली गाडी चालवून बघायला ते कायम दुसऱ्याला पाठवायचे आणि स्वतः दारात उभे राहून आवाज ऐकायचे. त्याला कारण होतं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी ताई पाच महिन्यांची असताना ते तिला मागे बसवून निघाले होते, वळणावर खडी होती, गाडी घसरली. ताई वाचली. मूल गेलं, आणि पुढे झालंच नाही. त्या दिवसापासून ते 'थांबा' म्हणायला लागले, त्याआधी असे नव्हते. हे गल्लीला ठाऊक नाही. आम्हा घरच्यांना ठाऊक, आणि घरात त्यावर कुणी कधी अक्षर काढत नाही.

पण दहा दिवस ते गेले. रोज चारला हेल्मेट, जाकीट, हातमोजे, अगदी नवरदेवासारखी तयारी. साडेपाचला परत यायचे ते लाल तोंडाने, आणि चहा पिताना शर्यतवाल्यांसारखे बोलायचे. "वरच्या वळणावर काय खेचते गं, धाकटे!" मला बरं वाटायचं. वाटायचं, सुटला बाबा एकदाचा माणूस त्या खडीतून.

आठव्या दिवशी सीटची एक शिवण उसवली म्हणून गाडी माझ्याकडे आली. सीट उलटंपालटं करून पाहिलं. मागच्या उंचवट्यावर कापताना मारलेल्या माझ्या खडूच्या रेघा जशाच्या तशा होत्या. पांढऱ्या, ठळक. बोट फिरवलं असतं तरी पुसल्या असत्या. आणि पुढे, टाकीला लागून, कापड चकाकायला लागलं होतं. एवढे दिवस माणूस टाकीला चिकटून, अंग चोरून बसला होता. पूर्ण रेस एकदा जरी दिली असती तरी पाठ मागे आदळलीच असती आणि त्या रेघा उरल्या नसत्या. कोण कसं बसतं हे मला सीट सांगतं, त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही.

जिथे नेशील तेवढंच शिकतो, हे त्यांनीच मला समजावलेलं.

मी तशीच ताईकडे गेले. ती धुतलेले कपडे घडी घालत होती. मी म्हटलं, "ताई, भाऊजी गाडी पळवतच नाहीयेत. हळूहळू फिरवून आणतात."

तिने घडी मोडली आणि पुन्हा घातली. "मला काय ते कळत नाही का?"

"अगं पण पोराला त्या गाडीवर..."

"सव्वीस वर्षांनी ते स्वतःहून गाडीवर बसलेत," ती म्हणाली. "रोज येऊन मला सांगतात, आज इतकी पळवली, आज तितकी. मी ऐकते. तू त्यांना जाऊन घाबरट म्हण, आणि मग मला तोंड दाखवू नकोस."

"मी घाबरट कुठे म्हणते?"

"दुसरं काय म्हणशील?"

खरंच, दुसरं काय म्हणणार होते? माझ्या जिभेला सगळी गल्ली टरकते. पैसे बुडवणाऱ्याला मी भर रस्त्यात धुतलेलं आहे. पण त्या दिवशी मी मूग गिळून घरी आले. मनाची समजूत काढली, की अजून दोन दिवस आहेत, जातील वर. त्यांना काय कळत नाही, मास्तर आहेत ते.

दहाव्या दिवशी भाऊजींनी गॅरेजच्या दारात जाहीर केलं, "भरले! सगळे खाने भरले!" शेजारपाजारचे दहाएक जण जमले, चहा झाला. सेन्सर नाजूक, शर्यतीत दगड लागून फुटतो, म्हणून तो काढून त्या भोकाला बोल्ट मारला. म्हणजे आता डबा जेवढं शिकला तेवढंच त्याचं शिक्षण. तक्ता कायमचा डब्यात उतरवायचा होता, भाऊजींना बटण सापडेना, तर मुलाने लॅपटॉप मांडीवर घेऊन तेवढं काम केलं. मी भाऊजींच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. ज्याने सगळे खाने भरलेत तो माणूस लोकांच्या डोळ्यांत बघून सांगतो. हे चहाच्या कपात बघून सांगत होते. तेव्हा मला पुरतं कळलं. आणि मी कप गोळा करून विसळायला घेतले.

शर्यत अकरा वाजता सुरू झाली. मुलाच्या गटाची पाळी आली तेव्हा मी शेवटच्या चढणीच्या कठड्याशी उभी होते. पहिले दोन टप्पे सुरेख काढले त्याने. शेवटच्या चढणीला त्याच्या पुढे एकच गाडी होती. त्याने अंग मागे नेलं, पाठ माझ्या उंचवट्याला टेकली, आणि इंजिनाचा आवाज असा काही चढला की माणसं ओरडायला लागली. मीसुद्धा ओरडले. मग आवाज एकदम गेला. मागचं चाक जागच्या जागी धरलं, गाडी आडवी झाली आणि त्याला घेऊन कठड्यावर गेली. पिस्टन वितळून सिलिंडरला चिकटला होता, हे मागाहून कळलं. तेव्हा फक्त त्याचा पाय दिसत होता, नको तिकडे वळलेला.

तीन ऑपरेशनं झाली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण सांधा वाकणार नाही.

भाऊजी पहिल्या दिवशी रडले, दुसऱ्या दिवशी डब्यावर घसरले. "डबाच खोटा निघाला. वरचे आकडे त्याने धरूनच ठेवले नाहीत. मशीनवर विश्वास टाकला हीच माझी चूक." गल्लीने मान हलवली. डबा विकणाऱ्याला शिव्या घातल्या. भाऊजींच्या पाठीवर हात ठेवले, माझ्या नव्हे, त्यांच्या! आता कुणी गाडीला कुठली सिस्टीम लावू असं विचारायला आलं की ते गंभीर होतात आणि म्हणतात, "रोलरवर जा. आपला आपण शिकणाऱ्या डब्याच्या वाटेला जाऊ नका, मी हात पोळून घेतलेत." तुम्ही हात पोळलेत? पाय कुणाचा गेला, भाऊजी? पत्र्याच्या अलीकडे बसून मी हे ऐकते आणि दात ओठ खाऊन शिवण मारते. लोकांना वाटतं केवढा मोठ्या मनाचा माणूस, स्वतःची चूक कबूल करतो. नेमकी न केलेली चूक कबूल करतो.

आणि वर रोज सकाळी सातला आमच्या घरी. मुलाच्या पायाला तेल, व्यायाम, पट्टा बांधणं. एक दिवस खाडा नाही. असा माणूस सरळ वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. मी दार उघडते, चहा ठेवते, आणि मनात शिव्या मोजते.

परवा ते व्यायाम करून गेले. मुलगा पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "आई, एक सांगू? काकांना कधी बोलणार नाहीस?"

"बोल."

"तक्ता उतरवताना मी बघितलं होतं. शिकलेले खाने हिरवे होतात. अर्ध्याच्या वर सगळं कोरं होतं. काका वर गेलेच नव्हते."

मी टॉवेल पलंगावर आपटला. "आणि तू गप्प बसलास?"

"दहा माणसं उभी होती, आई. चहा चालला होता. काय म्हणू, काका, तुम्ही खोटं बोलताय? का घाबरले ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. मावशी दारातच उभी होती." तो गुडघ्यावरून हात फिरवत होता. "वाटलं, थोडंफार कमीजास्त असेल. हात राखून जाईन. मग पुढे एकच गाडी उरली, आणि राहवलं नाही."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या पायासकट त्याला दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं. काकांचा मान राहावा म्हणून स्वतःचा पाय देतोस, मेल्या? हे ओठांवर आलं होतं. पण तो बोलतच होता, अगदी शांतपणे, मला समजावल्यासारखा.

"चूक माझीच. मी नाही बोलू शकलो. मावशीही बोलली नसती. आपल्या घरात एक तूच आहेस, तुझी जीभ कुणाला भीत नाही. तुला नुसता संशय जरी आला असता ना, तरी तू सगळ्यांसमोर काकांचं बिंग फोडलं असतंस आणि मला गाडीवर बसू दिलं नसतंस." तो हसला. "हो की नाही?"

तो माझ्याकडे बघत होता. माझ्या जिभेवरचा भरवसा, एवढी एकच गोष्ट त्याच्याजवळ धड उरली होती.

"मग काय!" मी म्हटलं. "हातपाय बांधून घरात ठेवलं असतं."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. आणि मी त्याच्या पायाखालची उशी सारखी करायला खाली वाकले.